नव्या देशात घर मांडताना: अमेरिकेत आलेल्या बायकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी २००६ च्या जानेवारीत एच-फोर व्हिसावर, म्हणजे एच-वन व्हिसावर नोकरी करणाऱ्या नवऱ्याची बायको म्हणून, न्यू जर्सीत आले. तेव्हा मला पडलेले प्रश्न आज नव्याने येणाऱ्या मुली मला विचारतात. कुणी लायब्ररीच्या दारात, कुणी मंडळाच्या हळदीकुंकवाला, तर कुणी रात्री उशिरा फोनवर, आवाज खाली आणून. त्या सगळ्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. कायद्याचं जे लिहिलंय ते मोघम वाट दाखवण्यापुरतं आहे. तुमच्या कागदांवर निर्णय घ्यायच्या आधी इमिग्रेशनच्या वकिलाला नक्की विचारा, आणि तो वकील फक्त नवऱ्याच्या कंपनीचा नको.

बॅगेत काय भरू?

मसाले, कुकर, पोळपाट-लाटणं सगळं इथे मिळतं. मिळत नाहीत ते तुमचे कागद. मूळ पदवी प्रमाणपत्र, विद्यापीठाने सीलबंद करून दिलेल्या गुणपत्रिका, नोकरीच्या अनुभवाची पत्रं, जन्मदाखला, लग्नाचा नोंदणी दाखला, लसीकरणाच्या नोंदी, भारतातलं ड्रायव्हिंग लायसन्स. हे सगळं हातातल्या बॅगेत ठेवा, चेक-इनच्या सामानात नको. प्रत्येकाचा स्कॅन स्वतःच्या ईमेलवर ठेवा आणि एक प्रत आईकडे किंवा बहिणीकडे द्या.

मी येताना दोन किलो गोडा मसाला आणला आणि गुणपत्रिका कपाटातच राहिल्या. पुढे पदवीच्या मूल्यांकनासाठी त्या विद्यापीठातून मागवताना धाकट्या भावाने चार महिने खेटे घातले.

लग्नानंतर नाव बदलू का?

तुमची इच्छा. पण बदलणार असाल तर येण्याआधी पासपोर्टवर बदला, नाहीतर आहे तेच ठेवा. पदवी एका नावाची, पासपोर्ट दुसऱ्या नावाचा आणि बँकेत तिसरंच, असं झालं की प्रत्येक खिडकीवर खुलासा देत बसावं लागतं. आपल्याकडचं मधलं नाव, म्हणजे आधी वडिलांचं आणि मग नवऱ्याचं, इथल्या फॉर्मना नीट कळत नाही. पासपोर्टवर जसं आहे तसंच सगळीकडे लिहा.

व्हिसाचा शिक्का २०२८ पर्यंतचा आहे. म्हणजे मला तोवर राहता येईल ना?

नाही. हा गैरसमज इतक्या जणींचा असतो की मी सगळ्यात आधी हेच सांगते. पासपोर्टवरचा व्हिसा हा दारातून आत येण्यापुरता. आत किती दिवस राहायचं ते आय-९४, म्हणजे तुमच्या प्रवेशाची सरकारी नोंद, ठरवतं. विमानतळावरून बाहेर पडलात की सीमाशुल्क विभागाच्या वेबसाइटवर स्वतःचं आय-९४ उघडून तारीख पाहा. पासपोर्टची मुदत लवकर संपत असेल तर आय-९४ सुद्धा त्याच तारखेपर्यंतच मिळतं, मग व्हिसा कितीही लांबचा असो.

खरी मेख पुढे आहे. नवऱ्याचा एच-वन वाढवायचा अर्ज त्याची कंपनी करते. तुमचा एच-फोर वाढवायला आय-५३९ नावाचा वेगळा अर्ज लागतो. तो कंपनीच्या वकिलाने आपोआप भरला असेल असं कधीही धरून चालू नका. माझ्या ओळखीच्या एका मुलीचा अर्ज असाच राहिला. त्याचं वाढलं, म्हणजे आपलंही वाढलं, असं दोघांनीही मनापासून धरलं होतं. कळलं तेव्हा तिची मुदत संपून पाच महिने झाले होते. ते निस्तरताना तिला भारतात परत जावं लागलं, आणि मुलगी दुसरीत होती, ती इथे बाबाजवळ राहिली.

घरात एक फाईल तुमच्या नावाची करा. त्यात तुमचं आय-९४, तुमच्या मंजुरीच्या नोटिसा, तुमच्या तारखा. त्या तारखा तुमच्या फोनच्या कॅलेंडरमध्ये, सहा महिने आधीच्या आठवणीसह. घरातल्या सगळ्या कागदांची एकच फाईल असते आणि ती त्याच्या टेबलाच्या खणात असते, हे चित्र मी फार घरांत पाहिलंय. त्यात वाईट हेतू असतोच असं नाही. पण आपल्या इथे असण्याचा आधार आपल्या हाताशी हवा.

एच-फोरवर नोकरी करता येते का?

नुसत्या एच-फोरवर नाही. २६ मे २०१५ पासून काही जणींना कामाचा परवाना मिळतो, त्याला सगळे ईएडी म्हणतात. त्यासाठी नवऱ्याचा ग्रीन कार्डच्या वाटेवरचा आय-१४० अर्ज मंजूर झालेला हवा, किंवा ग्रीन कार्डची प्रक्रिया सुरू असल्याच्या आधारावर त्याचा एच-वन सहा वर्षांपुढे वाढलेला हवा. लग्न झालं, आले, लगेच ईएडी, असं होत नाही. म्हणून लग्नाआधीच विचारा: तुझं आय-१४० झालंय का? कंपनी कधी सुरू करणार आहे? पगार विचारायला घरचे कचरत नाहीत, मग हे विचारताना आपण का कचरायचं?

एल-टू व्हिसावर, म्हणजे कंपनीने इथल्या शाखेत बदली केलेल्या माणसाबरोबर, आलेल्या जोडीदारांचं सोपं आहे. नोव्हेंबर २०२१ पासून त्यांना वेगळा परवाना न काढता काम करता येतं, फक्त आय-९४ वर एल-टू-एस असं लिहिलेलं हवं. एफ-टू वर, म्हणजे नवरा विद्यार्थी असेल तर, काम अजिबात नाही.

ईएडी संपायच्या १८० दिवस आधीपासून नूतनीकरणाचा अर्ज करता येतो. पहिल्याच दिवशी करा. पूर्वी अर्ज प्रलंबित असताना आपोआप मुदतवाढ मिळायची; ३० ऑक्टोबर २०२५ पासून केलेल्या अर्जांना ती मिळत नाही, त्यामुळे कार्ड यायला उशीर झाला तर मध्येच काम थांबवावं लागतं.

"घरी बसून भारतातल्या कंपनीचं काम केलं तर?" असं लगेच पुढे विचारलं जातं. तुम्ही बसता अमेरिकेत, म्हणून ते काम अमेरिकेतलं धरलं जाऊ शकतं. डबे करून विकणं, शिकवण्या, यूट्यूबचे पैसे, सगळ्याला हाच धोका. वकिलाला विचारल्याशिवाय एक डॉलरही घेऊ नका.

माझं कार्ड आलं २०१५ मध्ये, येऊन नऊ वर्षं झाल्यावर. पाकिटातून ते बाहेर काढलं आणि ओट्यापाशी उभी राहूनच किती वेळ तरी बघत होते. फोटो वाईट होता. बोटाचा ठसा होता. नाव माझं होतं.

तोपर्यंत दिवस कसा काढायचा?

शिका. एच-फोरवर पूर्णवेळ शिक्षण घेता येतं. एफ-टू वर पदवीचं शिक्षण अर्धवेळच घेता येतं. तुमच्या भागातलं कम्युनिटी कॉलेज शोधा. विद्यापीठापेक्षा फी पुष्कळ कमी असते, वर्ग संध्याकाळीही असतात आणि चाळिशीतल्या बायकाही बाकावर असतात.

लायब्ररीचं कार्ड पहिल्या आठवड्यात काढा. राहत्या पत्त्याचा पुरावा पुरतो, पैसे पडत नाहीत. पुस्तकं आहेतच, पण तिथे इंग्रजी संभाषणाचे मोफत गट असतात, लहान मुलांचे गोष्टींचे तास असतात, आणि थंडीत चार तास बसायला ऊबदार जागा असते. खऱ्या अर्थाने स्वयंसेवी असलेल्या संस्थेत बिनपगारी मदत करता येते. जे काम पगार देऊन करून घेतात ते फुकट केलं तर मात्र अडचण होते.

गाडी शिकायची घाई करू का? नवरा म्हणतो, मी आहे ना सोडायला.

घाई करा. न्यूयॉर्कसारखं एखादं शहर सोडलं तर इथे गाडीशिवाय बाई घरात कोंडली जाते, आणि कुणी कोंडलेलं नसतानाही कोंडली जाते.

मी चौदा महिने गाडी चालवत नव्हते. आमच्या घरापासून दुकान दीड मैल. रस्त्याला पदपथ नाही. एकदा फेब्रुवारीत दूध संपलं म्हणून चालत निघाले, तर कडेला साचलेल्या बर्फामुळे रस्त्यातूनच चालावं लागलं, आणि प्रत्येक गाडी माझ्यापाशी येऊन हळू होई. एका बाईने काच खाली करून विचारलं, मदत हवी आहे का. दूध आणायला चालत जाणारी बाई तिला संकटात सापडलेली वाटली. घरी आले आणि त्या रात्री ठरवलं.

आधी तुमच्या राज्याच्या मोटार वाहन कार्यालयाचं पुस्तक वाचा. बहुतेक ठिकाणी ते डीएमव्ही म्हणूनच ओळखलं जातं. लेखी परीक्षा, मग शिकाऊ परवाना, मग रस्त्यावरची परीक्षा. राज्यागणिक फरक आहेत, काही राज्यांत लेखी परीक्षा इंग्रजीशिवाय इतर भाषांतही देता येते. सोशल सिक्युरिटी नंबर, म्हणजे इथला सरकारी ओळख क्रमांक, नसेल तर सोशल सिक्युरिटीच्या कार्यालयातून तो मिळू शकत नसल्याचं पत्र घेऊन जावं लागतं. लायसन्सची मुदत बहुधा तुमच्या व्हिसाच्या कागदांना जोडलेली असते, तेवढं लक्षात ठेवा.

नवऱ्याकडून शिकू नका, असं मी प्रेमाने सांगते. प्रशिक्षकाचे सहा तास विकत घ्या. भारतात चालवत असलात तरी घ्या, कारण इथे बाजू उलटी आहे आणि हात-पायांच्या सवयी मोडायला परका माणूस बरा. चार रस्त्यांवर सगळीकडे स्टॉपची पाटी असली की जी गाडी आधी येऊन थांबली ती आधी जाते. हा साधा नियम मला फार आवडला. तिथे कुणी कुणावर हॉर्न वाजवत नाही, आपली पाळी आली की जायचं.

पैशाचं काय? माझं उत्पन्नच नाही.

उत्पन्न नसलं तरी खातं असू शकतं. बँकेत संयुक्त खातं उघडा. तुमचं नाव खात्यावर हवं, नुसतं कार्डवर नको. एच-फोरवर ईएडी नसेल तर सोशल सिक्युरिटी नंबर बहुधा मिळत नाही. करविवरणासोबत डब्ल्यू-७ अर्ज करून आयटीआयएन नावाचा करासाठीचा नंबर घेता येतो. नवऱ्याच्या क्रेडिट कार्डवर तुमचं नाव घालून घेतलं, किंवा अनामत ठेवून मिळणारं कार्ड घेतलं, की तुमच्या नावाने पत तयार व्हायला लागते. उद्या भाड्याचं घर, फोन, गाडीचं कर्ज, सगळ्याला ती पत बघतात.

संयुक्त करविवरणावर दोघांची सही असते, तेव्हा वाचल्याशिवाय सही करू नका. भारतातल्या तुमच्या खात्यांकडेही लक्ष द्या. कराच्या दृष्टीने तुम्ही इथल्या रहिवासी झालात, आणि भारतातली सगळी खाती मिळून वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेली, तर एफबार नावाची माहिती दरवर्षी द्यावी लागते. ती माहिती देण्याचा वेगळा कर नसतो, पण न दिल्यास दंड जबर असतो. आईबरोबर काढलेलं जुनं संयुक्त खातं आणि लग्नात मिळालेली मुदत ठेवसुद्धा यात मोजली जाते.

इंग्रजी येतं, पण बोलताना जीभ अडखळते.

बहुतेकींची हीच तक्रार असते. इंग्रजी माध्यमात शिकलेल्यांचीसुद्धा. फोनवरचं बोलणं सगळ्यात अवघड, कारण समोरचा चेहरा दिसत नाही. काय विचारायचं ते कागदावर लिहून मगच फोन करा. "जरा सावकाश बोलाल का" हे वाक्य पाठ करा आणि न लाजता वापरा.

दवाखान्यात मात्र अडखळत चालवून घेऊ नका. सरकारी निधी घेणाऱ्या रुग्णालयांनी दुभाषा मोफत द्यायचा असतो, बहुधा फोनवर किंवा पडद्यावर. मराठी मागा, नाही मिळालं तर हिंदी. नवऱ्याला किंवा मुलांना दुभाषा करू नका. काही गोष्टी बाईला डॉक्टरशी एकटीनेच बोलायच्या असतात.

फोडणी दिली की धुराचा अलार्म वाजतो.

सगळ्यांचा वाजतो. फोडणीच्या आधी पंखा लावा, खिडकी बोटभर उघडा, आणि मोहरी मध्यम आचेवर तडतडू द्या. इलेक्ट्रिक शेगडीवर तेल तापायला वेळ लागतो आणि मग एकदम धूर होतो, म्हणून हिंग-हळद घालताना भांडं उचलून बाजूला घ्या. अलार्मची बॅटरी काढून ठेवू नका. इथली घरं लाकडी सांगाड्याची असतात, आग भराभर पसरते.

कढीपत्ता, शेवगा कुठे मिळतो?

देसी दुकानात मिळतोच. ते जवळ नसेल तर फिलिपिनो किंवा व्हिएतनामी दुकानात जा. कारली, दुधी, कोवळा फणस, अळूची पानं हे त्यांच्याही स्वयंपाकातलं आहे. शेवग्याच्या पाल्याला फिलिपिनो बायका मालुंगाय म्हणतात, आणि बाळंतिणीला दूध यावं म्हणून त्याचं सूप देतात. मला हे एका फिलिपिनो नर्सने सांगितलं, माझ्या उशाशी उभं राहून. माझ्या आजीने शेवग्याचा पालाच सांगितला होता.

मी एकटी पडले आहे. इथल्या मैत्रिणी कशा मिळवायच्या?

महाराष्ट्र मंडळात जा. इथल्या मंडळांची मिळून असलेली संस्था, बृहन्महाराष्ट्र मंडळ, १९८१ पासून आहे, आणि बहुतेक मोठ्या शहरांत स्थानिक मंडळ सापडेल. गणपतीत पाट मांडायला, दिवाळीत फराळ वाटायला हात लागतात. काम मागून घ्या. नुसतं प्रेक्षक म्हणून गेलं तर घरी येताना आणखी एकटं वाटतं, हा माझा अनुभव.

पण तिथेच थांबू नका. माझ्या पहिल्या दोन खऱ्या मैत्रिणी मराठी नव्हत्या. एक कोरियन, एक चिनी, दोघी लायब्ररीच्या इंग्रजीच्या वर्गातल्या. आम्हा तिघींना मिळून जेमतेम एक नीट इंग्रजी वाक्य जमायचं. पण सासूचा रविवारचा फोन, मुलाने डबा न खाता परत आणणं, डिग्रीची धूळ, हे सांगायला लागलं की कुणालाच कुणाला समजावून सांगावं लागत नसे. डब्याचं तर तिघींच्या मुलांनी तेच केलं होतं. वर्गात कुणीतरी नाक मुरडलं म्हणून माझ्या मुलाने पोळीभाजी, तिच्या मुलाने किमची आणि तिसरीच्या मुलीने वाफवलेली अंडी परत आणली होती. पुढच्या आठवड्यात तिन्ही डबे आम्ही तिघींनी बागेतल्या बाकावर बसून एकमेकींचे खाल्ले.

आपल्यासारख्या बायका इथे पहिल्यांदा कधी आल्या?

या प्रश्नाने माझं मन भरून येतं, म्हणून जरा सविस्तर सांगते.

आपल्या कल्याणच्या आनंदीबाई जोशी एप्रिल १८८३ मध्ये कोलकात्याहून बोटीने निघाल्या, तेव्हा त्या अठरा वर्षांच्या होत्या. नवरा बरोबर नव्हता. न्यू जर्सीतल्या रोझेल गावी थिओडिशिया कार्पेंटर नावाच्या बाईंनी त्यांना आपल्या घरी ठेवून घेतलं. मार्च १८८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजमधून त्या डॉक्टर झाल्या. त्यांचा १८८५ चा एक फोटो आहे, त्यात त्या लुगड्यात बसल्या आहेत, शेजारी जपानच्या केई ओकामी किमोनोत आणि सीरियाच्या सबात इस्लामबुली त्यांच्या पोशाखात. आशियाच्या तीन टोकांवरून आलेल्या तीन मुली एकाच कॉलेजात. फेब्रुवारी १८८७ मध्ये आनंदीबाई पुण्यात वारल्या. त्यांच्या अस्थी कार्पेंटरबाईंकडे पाठवल्या गेल्या, आणि न्यूयॉर्क राज्यातल्या पोकिप्सी इथे त्यांच्या कुटुंबाच्या दफनभूमीत त्या विसावल्या. मी तिथे जाऊन आले आहे. दगडावर हात ठेवला तेव्हा मला तो परका देश वाटला नाही.

त्याच काळात बाकीच्यांना दार बंद होतं. १८७५ च्या पेज कायद्याने चिनी बायकांचं येणं जवळजवळ थांबवलं. तो कायदा वेश्याव्यवसाय रोखण्याच्या नावाखाली होता, आणि प्रत्येक चिनी बाईकडे त्याच संशयाने पाहिलं गेलं. १८८२ च्या कायद्याने चिनी मजुरांनाही बंदी झाली, ती उठली १९४३ मध्ये. जपानी बायका फोटोवरून लग्न जुळवून येत. बंदरावर उतरल्यावर हातातल्या फोटोशी नवऱ्याचा चेहरा ताडून पाहायचा, आणि फोटो कधी दहा वर्षांपूर्वीचा निघायचा. सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीतलं एंजल आयलंड हे ठाणं १९१० ते १९४० चाललं. तिथे आशियाई लोकांना आठवडेच्या आठवडे, कधी महिनेही अडकवून ठेवत.

१९१५ मध्ये भारतातून आलेल्या काला बगाई तिथेच उतरल्या, नवरा आणि तीन मुलांसह. पुढे बर्कलीत त्यांनी घर घेतलं. सामान घेऊन पोचल्या तर शेजाऱ्यांनी घराला कुलपं लावून ठेवली होती, त्यांना आत जाऊ द्यायचं नाही म्हणून. १९२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने थिंड खटल्यात भारतीयांना नागरिकत्वाला अपात्र ठरवलं. काला बगाईंच्या नवऱ्याचं मिळालेलं नागरिकत्व काढून घेतलं गेलं आणि १९२८ मध्ये त्याने जीव दिला. काला बगाई मुलांना घेऊन याच देशात राहिल्या, पुढे कॅलिफोर्नियातल्या भारतीयांच्या आधार झाल्या. ज्या बर्कलीने त्यांना घरात शिरू दिलं नाही, तिथल्या एका रस्त्याला आज त्यांचं नाव आहे.

भारतीयांना नागरिकत्वाचा हक्क १९४६ मध्ये मिळाला, वर्षाला फक्त १०० जणांच्या कोट्यासह. आपण ज्या मोठ्या लाटेने आलो ती १९६५ च्या इमिग्रेशन कायद्यानंतरची. त्याआधीपासून फिलिपिन्सच्या नर्सेस इथल्या रुग्णालयांत रात्रपाळ्या करत होत्या, आणि १९७५ नंतर आलेल्या निर्वासित व्हिएतनामी बायकांनी नखं रंगवण्याची दुकानं घालून घरं उभी केली. महामार्गावरच्या मोटेलांत गुजराती बायका पहाटे चादरी बदलत आणि रात्री काउंटरवर बसत. हिशेबाच्या वहीत त्यांचं नाव बहुधा नसे.

माझी डिग्री इथे चालेल का?

सरसकट उत्तर नाही. संगणक, लेखा, विपणन अशा क्षेत्रांत पदवीचं मूल्यांकन करून घेतलं की बहुधा पुरतं. डॉक्टरांना यूएसएमएलईच्या परीक्षा आणि मग पुन्हा रेसिडेन्सी, म्हणजे रुग्णालयातलं प्रशिक्षण. नर्सना एनसीएलईएक्सची परीक्षा. शिक्षिका, वकील, फिजिओथेरपिस्ट यांचे परवाने राज्याकडे असतात, तेव्हा आधी राज्य पक्कं करा. परीक्षांचा अभ्यास ईएडीची वाट बघत थांबवू नका. कार्ड हातात येईल त्या दिवशी तयारी झालेली हवी.

बाळंतपणाला आई यायलाच हवी का?

आली तर सोनंच. पर्यटक व्हिसावर आलेल्यांना साधारण सहा महिन्यांपर्यंत राहता येतं. पण व्हिसा वेळेत मिळेलच असं नाही, म्हणून दुसरी सोय आधीच बघा.

विम्याचं पुस्तक पाचव्या महिन्यात वाचा, नवव्यात नको. डिडक्टिबल, म्हणजे विमा सुरू होण्याआधी आपण भरायची रक्कम, किती, को-पे, म्हणजे प्रत्येक भेटीला द्यायचे पैसे, किती, डॉक्टर आणि रुग्णालय दोन्ही विम्याच्या जाळ्यात आहेत का, हे तीन प्रश्न विमा कंपनीला फोन करून विचारा. बाळाचं नाव विम्यात घालायला जन्मानंतर ३० दिवसच असतात असं धरून चाला. नोकरी असेल तर १९९३ च्या कायद्याने बारा आठवड्यांची रजा मिळू शकते, पण ती बिनपगारी, तीसुद्धा मोठ्या कंपनीत वर्षभर काम केलं असेल तर.

आणि बाळ कुशीत असूनही रडू आवरत नसेल, झोप लागत नसेल, स्वतःबद्दल किंवा बाळाबद्दल भयंकर विचार येत असतील, तर तो आजार आहे. तुमचा कमकुवतपणा नव्हे, आणि नाटक तर मुळीच नव्हे. मातांसाठी २४ तासांची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे: १-८३३-८५२-६२६२.

डिसेंबरात साडेचारला अंधार पडतो. मला काही सुचत नाही.

दुपारी बारा ते दोनमध्ये रोज बाहेर पडा, बर्फ असला तरी. चांगले बूट घ्या, त्यात काटकसर नको. दोन-तीन आठवडे मन उठलंच नाही तर डॉक्टरशी बोला, ड जीवनसत्त्वही तपासून घ्या.

मुलं मराठी बोलतील का?

तुम्ही बोललात तर बोलतील. शाळा सुरू झाली की ती इंग्रजीत उत्तर देतात. तुम्ही मराठीतच बोलत राहा, रागावू नका, सुधारत बसू नका. मंडळांच्या मराठी शाळा आठवड्यातून एकदा असतात, त्यांचा उपयोग अक्षरांपेक्षा सोबतीसाठी अधिक होतो. आजीशी रोजचा दहा मिनिटांचा फोन सगळ्यात भारी. पूर्व किनाऱ्यावर भारत उन्हाळ्यात साडेनऊ तास पुढे असतो आणि हिवाळ्यात साडेदहा, तेव्हा सकाळी शाळेला जाताना गाडीत फोन लावा. तिकडे आजीची संध्याकाळ असते.

नवऱ्याची नोकरी गेली तर?

नोकरी सुटल्यापासून जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात, आणि आय-९४ आधी संपत असेल तर त्याहून कमी. तेवढ्यात नवी कंपनी, दुसरा व्हिसा किंवा परतीचं तिकीट. तुमचं ईएडीही त्याच्याच एच-वनवर उभं आहे हे विसरू नका. भारतीयांसाठी ग्रीन कार्डची रांग लांब आहे, कारण एका देशाला वर्षाला सात टक्क्यांहून जास्त कार्डं मिळत नाहीत. वाट बघताना मूल २१ वर्षांचं झालं की त्याचा एच-फोर संपतो. मोठी मुलं असतील तर या तारखेचा विचार दहावीतच सुरू करा.

तो हात उचलतो. पण माझा व्हिसा त्याच्या हातात आहे.

हे वाचत असाल तर आधी एवढं ऐका: त्याला सोडलं की तुम्हाला दुसऱ्या दिवशी देशाबाहेर काढतील, ही धमकी खरी नाही.

नवरा नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असेल तर १९९४ च्या कायद्याने तुम्ही ग्रीन कार्डच्या वाटेवरचा आय-३६० अर्ज स्वतः करू शकता. त्याची सही लागत नाही आणि त्याला कळवलंही जात नाही. दोन वर्षांचं सशर्त ग्रीन कार्ड असेल तर अटी काढायचा आय-७५१ छळाच्या कारणावरून एकटीने भरता येतो. नवरा एच-वनवर असेल तर छळ झालेल्या पत्नीला आय-७६५व्ही या अर्जाने कामाचा परवाना मागता येतो. गुन्ह्याची तक्रार करून पोलिसांना मदत केली तर यू व्हिसाचीही वाट आहे, फक्त तिथे रांग मोठी आहे. घटस्फोट पक्का झाला की एच-फोर संपतो, म्हणून त्याआधी वकील गाठा.

मारहाण म्हणजेच छळ असं नाही. पासपोर्ट लपवणं, पैसे न देणं, फोन तपासणं, माहेरी बोलू न देणं, हेही त्यातच येतं. आणखी एक प्रकार मी दोनदा पाहिला: सुट्टीला म्हणून भारतात न्यायचं, तिचा पासपोर्ट घ्यायचा आणि एकट्याने परत यायचं. नात्यात ताण असेल तर जाण्याआधी सगळ्या कागदांचे फोटो विश्वासातल्या माणसाला पाठवा आणि पासपोर्ट अंगावर ठेवा. इथे एकतर्फी घेतलेला घटस्फोट भारतात आपोआप मान्य होत नाही, हे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्येच सांगितलंय.

जिवाला धोका असेल तर ९११. बोलायचं असेल तर घरगुती हिंसाचाराची हेल्पलाइन १-८००-७९९-७२३३, तिथे दुभाषा मागता येतो. दक्षिण आशियाई बायकांसाठीच्या संस्था आहेत: न्यू जर्सीत मानवी, १९८५ पासून; न्यूयॉर्कमध्ये सखी, १९८९ पासून; सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपास मैत्री, १९९१ पासून. फोन त्याच्या प्लॅनवर असेल तर लायब्ररीतून किंवा शेजारणीच्या फोनवरून बोला. लोक काय म्हणतील याची काळजी करू नका. मंडळात जे म्हणायचं ते आम्ही बघून घेऊ.

आई-वडील तिकडे म्हातारे होत आहेत. मी इथे काय करते आहे?

याला माझ्याकडे उत्तर नाही. वडील गेले तेव्हा मी विमानात होते. एवढंच सांगेन की ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं कार्ड, असो वा भारतीय पासपोर्ट, निघायचे कागद कायम तयार ठेवा. तिकिटाएवढे पैसे स्वतःच्या खात्यात वेगळे ठेवा, कुणाला विचारावं लागणार नाही असे. आणि आईला फोन करताना सुखरूप असल्याचं सोंग करू नका, तिला ते कळतं.

इथे घर वाटायला किती वर्षं लागतात?

मला नेमका दिवस आठवतो. एका नोव्हेंबरात शेजारच्या इमारतीतली नेपाळी मुलगी रडत दारात आली. येऊन तिला तीन आठवडे झाले होते, तिच्या घरातला अलार्म वाजत होता आणि तो कसा थांबवायचा ते तिला कळत नव्हतं. मी गॅस बंद केला, खिडकी उघडली, खुर्चीवर चढून टॉवेल हलवला. मग तिला म्हटलं, बस, चहा टाकते, आणि उद्या सकाळी तुझे कागद घेऊन ये.